विलो फोर्डचं टेबल आणि अठरा तासांची बैठक

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. ओकच्या लाकडाचं, चांगलं ऐसपैस आणि स्वभावाने जरा तोंडाळ. ओहायोमधल्या विलो फोर्ड नावाच्या गावात, वाचनालयाच्या खिडकीपाशी माझा मुक्काम असतो. ओहायोतल्याच डब्लिन शहरातून गाडीने निघालात की मक्याची शेतं सुरू होतात. ती आता संपतच नाहीत असं वाटायला लागलं, की आमचं गाव आलं समजा.

नदीवरचा लाकडी पूल पाडला, तेव्हा त्याच्या तुळयांतून गावच्या सुताराने मला घडवलं. काय जीव ओतून काम केलं त्याने! माझा एकही पाय आजवर डुगडुगला नाही. गावचं साप्ताहिक दर गुरुवारी माझ्यावर पसरलं जायचं. कुणाच्या गाईला जुळं झालं, कुणाचं लग्न ठरलं, शाळेचा संघ कुठे आपटला, सगळं माझ्यापाशी बसून मोठ्याने वाचलं जायचं. थाट होता माझा! मग बुटांचा कारखाना बंद पडला. शाळा शेजारच्या गावच्या शाळेत विलीन झाली. शेवटी साप्ताहिकही बंद झालं. माझ्यावर जुन्या कॅलेंडरांचे गठ्ठे येऊन पडले आणि मला कुणी पुसेनासं झालं. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटायचं.

पण आमचं गाव चिवट आहे हो. कारखान्याच्या जागेवर दवाखाना उभा राहिला. औषधांच्या दुकानात नागपूरची उपासना फार्मासिस्ट म्हणून आली. बर्फाने रस्ते बुजले, तर म्हाताऱ्या माणसांच्या दारात स्वतः गोळ्या नेऊन देणारी ही बाई. मला तिचं भारी कौतुक. गेल्या हिवाळ्यात तिचे वडील, निवृत्त शिक्षक राजाराम, इथे राहायला आले आणि रोज सकाळी वाचनालयात यायला लागले. वाचनालय सांभाळणाऱ्या बेव्हर्लीने लगेच गठ्ठे उचलून मला स्वच्छ पुसलं. मला मराठी कशी कळते म्हणाल, तर आसपास कुणी नसलं की मास्तर मोठ्याने वाचतात!

मार्चमध्ये बातमी आली. गावच्या कौन्सिलचे अध्यक्ष वॉल्टर भर सभेत म्हणाले, "वाचनालयात कुणी येत नाही. बंद करून टाकू." एप्रिलअखेर मतदान ठरलं. बेव्हर्लीचं तोंड एवढंसं झालं. सगळं आयुष्य या खोलीत गेलं होतं तिचं.

चौदा एप्रिलला बाबासाहेबांची जयंती. बाबासाहेब अठरा-अठरा तास वाचत बसायचे, म्हणून नागपूरला मास्तर त्या दिवशी वस्तीतल्या मुलांना घेऊन सलग अठरा तास अभ्यासाला बसायचे. "या वर्षी इथेच बसू," ते म्हणाले. बेव्हर्ली आनंदाने तयार झाली. उपासनाने दारावर कागद लावला, 'चौदा एप्रिल. सकाळी सहापासून अठरा तास आम्ही इथे बसणार. तुम्हीही या.' कशासाठी बसणार, ते लिहायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. जयंतीला बसायचं ते वाचायलाच, हे काय सांगायला हवं?

गावाने मात्र सरळ अर्थ काढला. कौन्सिलविरुद्ध धरणं! दुकानात कुणी तिची पाठ थोपटली, कुणी तोंड फिरवलं. पोरीचा जीव टांगणीला लागला.

"बाबा, कॅन्सल करू या का? लोकांना वाटतंय मी प्रोटेस्ट ऑर्गनाइझ केलाय. उद्या माझ्याकडून औषधं तरी घेतील का ते?"

मास्तर हसले नाहीत. "अगं, आमच्या घरात दिवा नव्हता. विहारात होता आणि तिथे वाचायची खोली होती. ती खोली बंद झाली असती, तर मी मास्तर झालो नसतो आणि तू इथवर आली नसतीस. तुला भीती वाटत असेल तर तू घरी थांब. मी बसणार."

चौदा तारखेला उपासना सगळ्यांच्या आधी येऊन बसली. सोबत तिची मुलगी सिया होती. थोड्याच वेळात शेरीफचा, म्हणजे इथल्या पोलिसांचा, माणूस दारात उभा.

"इथे गडबड होणार आहे म्हणे?"

"होणार तर!" मास्तर आपल्या नागपुरी इंग्रजीत म्हणाले. "बसा. काय वाचायला आवडतं तुम्हाला?"

"वी आर जस्ट रीडिंग, ऑफिसर," सिया खुदकन हसली. बिचाऱ्याने टोपी काढली आणि मासेमारीचं पुस्तक घेऊन बसला. मग घोषणांचे फलक घेऊन शेतकरी मंडळी आली. त्यांनी फलक भिंतीला टेकवले, खुर्च्या ओढल्या आणि हळूहळू तीही वाचण्यात गुंग झाली. अहाहा, माझा तर ऊर भरून आला!

दुपारी वॉल्टर आले, रागाने लालबुंद. दार उघडलं आणि जागीच थबकले. पानं उलटल्याचा आवाज तेवढा येत होता. माझ्याभोवती एकही खुर्ची रिकामी नव्हती. मास्तर उठले आणि आपली खुर्ची पुढे केली. वॉल्टरांचा चष्मा घरी राहिला होता, तर मास्तरांनी स्वतःचा काढून दिला आणि आपण सियाकडून वाचून घेऊ लागले. अंधार पडला तरी वॉल्टर जागचे हलले नाहीत.

निघताना ते बेव्हर्लीला म्हणाले, "कुणी येत नाही, असं मी सांगत सुटलो होतो. येत नव्हतो तो मी."

मतदानात वाचनालय राहिलं. बंद करू नये म्हणून पहिला हात वॉल्टरांनी वर केला. त्या संध्याकाळी बेव्हर्ली माझ्यावर डोकं टेकून पोटभर रडली आणि उपासना तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मला पॉलिश नको, काच नको, 'हात लावू नये' अशी पाटी तर मुळीच नको. तुमच्या गावातही माझ्यासारखं एखादं टेबल असेल. 'पूर्वी इथे वाचनालय होतं हं,' असं पुढे मुलांना हळहळत सांगण्यापेक्षा आजच त्यांना घेऊन जा आणि बसा.