पिएत्राफोस्काच्या मादोन्नाची सुटका

पिएत्राफोस्का गावातल्या चर्चच्या मादोन्नाची, म्हणजे मेरीमातेच्या जुन्या चित्राची, एकाच वर्षात दोनदा सुटका झाली. आधी जर्मनांनी तिला अमेरिकनांच्या बाँबपासून सोडवून नेलं, मग अमेरिकनांनी जर्मनांपासून. दोघांनीही गावाला विचारलं नाही. सोडवणारे कुठे विचारत बसतात?

खरी मादोन्ना या काळात फादर सेत्तीमिओंच्या तळघरात होती, वाइनच्या पिंपांमागे, भिंतीत चिणलेली. फिरत होती ती नक्कल. आणि ती काढली होती दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एवारिस्तोने.

एवारिस्तोचा हात चांगला, पण चेहऱ्यापाशी गाडी अडली. मूळ चित्र मेणबत्त्यांच्या धुराने इतकं काळं पडलेलं, की मादोन्नाला नाक आहे हेसुद्धा श्रद्धेनेच मानायचं. त्याची बायको झेलिंदा त्याच हिवाळ्यात न्यूमोनियाने गेली होती. घरात तिचा एकही फोटो नव्हता. त्याचा हात आपोआप तिच्याकडे वळला.

चर्चमधून निघताना मादोन्नाच्या पायाचा मुका घ्यायचा, ही गावाची जुनी रीत. नक्कल टांगली त्या रविवारी शेजारीण आर्जिया पहिली पुढे झाली आणि जागीच थबकली.

"फादर, ही तर झेलिंदा!"

"हळू बोल गं. मुका घे आणि पुढे हो."

"तीस वर्षं विहिरीवर भांडले मी हिच्याशी. जिवंतपणी वाकले नाही, आता मेल्यावर हिचे पाय चाटू?"

"जर्मनांना संशय यायला नको असेल तर चाट!" फादर म्हणाले.

आर्जिया वाकली. मागोमाग सगळा गाव वाकला. रंग हलका होता, चार महिन्यांत झेलिंदाच्या उजव्या पायाचा अंगठा पुसला गेला. पुढे जर्मन अधिकारी आला, पांढरे हातमोजे घालून चित्र उतरवून घेतलं आणि शिक्क्याची पावतीही दिली. गावाने ठरल्याप्रमाणे गळा काढला. खरं रडला तो एकटा एवारिस्तो.

म्हणूनच अमेरिकन कॅप्टन प्रूइट जीपमधून चित्र परत घेऊन आला, तेव्हा एवारिस्तोला आकाश ठेंगणं झालं. कॅप्टनबरोबर फोटो काढणारे होते आणि शहरातले प्रोफेसर लाम्बेर्तेंगी होते. या चित्रावर प्रोफेसरांनी जाडजूड ग्रंथ लिहिला होता. चित्र त्यांनी पाहिलं होतं एकदाच, तरुणपणी, मेणबत्तीच्या उजेडात.

प्रोफेसरांनी अंगठ्यावर भिंग धरलं. "पाहा! शतकानुशतकांच्या ओठांनी झिजलेला! याची नक्कल करून दाखवावी कोणी! आणि हे डोळे... पुढचं सगळं दुःख आईला आधीच दिसतंय."

"दुःख कसलं डोंबलाचं," एवारिस्तो पुटपुटला, "तिला न विचारता मी शेळी विकली होती, त्या दिवशीची नजर आहे ती."

कॅप्टनने जाहीर केलं, की इतकी मोलाची वस्तू खेड्यात ठेवणं धोक्याचं. रविवारी समारंभ, मग थेट शहरातल्या संग्रहालयात, कायमची. चोरांपासून सुरक्षित.

एवारिस्तोने फादरांचं तळघर गाठलं. "फादर, मी खरं सांगून टाकणार. ती माझी बायको आहे, तिला इथून नेऊ देणार नाही."

"सांग की! मग ते विचारतील, खरी कुठंय? आणि तिचीही सुटका करतील. अख्ख्या गावाची एकच आई आहे रे, एवारिस्तो."

"माझीपण बायको एकच होती."

फादरांनी त्याला पेलाभर वाइन ओतून दिली. उत्तर नसलं की ते हेच करत.

रविवारी कॅप्टनचं भाषण रंगात आलं असताना एवारिस्तो उभा राहिला. "साहेब, हे चित्र मी काढलंय. ही झेलिंदा आहे, माझी बायको. विचारा कुणालाही."

कॅप्टनने दुभाष्याकरवी पहिल्याच रांगेतल्या आर्जियाला विचारलं. तिने एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा फादरांकडे, आणि छातीवर क्रूस काढला.

"बायको गेल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय बिचाऱ्याच्या. झेलिंदा? छे हो! तिचं नाक वाकडं होतं."

"आणि डोळे चकणे," मागून कोणी म्हणालं. मग सगळ्यांनाच आठवायला लागलं. कोणी तिचे दात पाडले, कोणी तिला मिशी दिली. ज्या बायकांनी चार महिने ओळखून ओळखून तिचे पाय धरले होते, त्यांनी पाच मिनिटांत तिचा चेहराच पुसून टाकला. गाव वाईट नव्हता हो. त्याला आपली आई वाचवायची होती. एवारिस्तो मटकन खाली बसला. प्रोफेसरांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि कॅप्टनला म्हणाले, "पाहिलंत? महान कला माणसाला असं वेडं करते!"

ट्रक गेला. रिकाम्या भिंतीची दया येऊन कॅप्टनने गावाला एक नक्कल टांगायची परवानगी दिली. फादरांनी तळघरातली भिंत फोडली, खरी मादोन्ना वर आणली आणि खाली पाटी लावली: 'नक्कल. चित्रकार एवारिस्तो.' वर्षभराने प्रोफेसर ती बघायला मुद्दाम आले. "पाट्या रंगवणाऱ्याचा हात लपत नाही," ते म्हणाले, "जीवच नाही चित्रात." गाव पोट धरधरून हसला.

एवारिस्तो त्या दिवशी गावात नव्हता. महिन्यातून एकदा तो दाढी करतो, लग्नातला कोट चढवतो आणि बसने शहरात जातो. संग्रहालयात झेलिंदाला स्वतंत्र दालन आहे, समोर लाल दोर आहे, पाटीवर 'अज्ञात थोर चित्रकार' असं लिहिलंय. तो तिच्यासमोर उभा राहून हलक्या आवाजात तिची माफी मागतो, शेळीपासून सुरुवात करून.

एकदा बोलता बोलता त्याचा हात दोरापलीकडे गेला.

"आजोबा, हात लावायचा नाही," रखवालदार म्हणाला. "ओळखीची आहे का कोणी?"

"एकतीस वर्षं संसार केलाय हिच्याशी."

"इथे येणारा प्रत्येक जण असंच काहीतरी म्हणतो," रखवालदार प्रेमाने म्हणाला आणि त्याला दंडाला धरून दोराच्या अलीकडे आणलं.