टाकाऊ खणातली टोपी

मुलांनो, समजा तुमच्या तळहातावर एक इवलीशी टोपी आहे. राखाडी, खरबरीत, समुद्रकाठच्या खडकाला चिकटणाऱ्या गोगलगाईच्या कवचाची. आणि अगदी शेंड्यावर तिला किल्ली घालण्याजोगं भोक. काय म्हणाल? फुटकी!

संग्रहालय सांभाळायला आलेल्या नव्या बाईही तेच म्हणाल्या. "मावशी, हा खण रिकामा करा. भोकं पडलेली कवचं ठेवून काय करायचंय? दुपारी केराची गाडी येईल."

मावशी तेवीस वर्षं तिथली कपाटं पुसत होत्या. खणावरची 'टाकाऊ' ही चिठ्ठी जुन्या साहेबांच्या सांगण्यावरून त्यांनीच चिकटवली होती. पुसता पुसता मात्र त्यांना काही वेगळंच दिसलं होतं. साहेबांना सांगायचं धाडस त्यांनी कधी केलं नव्हतं. पण आज गप्प बसलं, तर खण गेलाच.

"बाई, जरा उलटं करून बघा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या गोगलगाईनं पोखरलं, तर भोकाची कड उघडी राहते. इथे आतून पांढरी किनार आहे. काजाला टाके घातल्यासारखी. प्राण्यानं स्वतःच घातलेली."

"म्हणजे आता तुम्ही मला शिकवणार?"

"शिकवते ती!" सुट्टी म्हणून सोबत आलेली नात फुरंगटून म्हणाली. "आणि आम्ही सकाळीच ओहोटीला असलाच एक प्राणी जिवंत आणलाय. बघा की!"

तिनं डब्यातला जीव खाऱ्या पाण्याच्या बशीत ठेवला. त्यानं दगडाला घट्ट धरलं, तसा तिनं कडेशी शाईचा एक थेंब सोडला. शाई टोपीखाली ओढली गेली. क्षणभर काहीच नाही. मग शेंड्यावरच्या भोकातून निळी रेघ वर आली, धुराड्यातून धूर यावा तशी.

बाईंची भुवई वर गेली. "अगं बाई! श्वासासाठी वापरलेलं पाणी बाहेर टाकायची वाट आहे ही!"

त्यांनी भिंग काढलं, जाडजूड पुस्तक उघडलं. किनारीची मागची बाजू सरळ कापल्यासारखी, कवचावर जाळीदार रेघा. बोट पानावरून सरकत एका चित्रावर थांबलं. "हीच जात!"

मावशींनी तोवर भिंगाशिवाय खण निवडला होता. पोखरलेली नऊ एकीकडे, किनारवाली बावन्न दुसरीकडे. बाईंनी एकेक तपासलं. एकही चूक नव्हती.

संग्रहालयाच्या चिठ्ठीवर शेवटची ओळ असते, 'ओळख पटवली'. तिथे ओळखणाऱ्याचं नाव येतं. बाईंनी जातीचं नाव लिहिलं आणि पेन मावशींपुढे धरलं.

"मी?"

"मग काय मी? मी तर केरात टाकत होते."

मावशींनी हात पदराला पुसला आणि सावकाश, एकेक अक्षर कोरत सही केली.

आणि नात? तिनं जुनी 'टाकाऊ' चिठ्ठी नखानं सोलून काढली, शेजारचा खण ओढला आणि विचारलं, "आजी, यात काय काय टाकलंय गं?"