तानी मेली पाहिजे

प्राध्यापक दिनानाथ कर्णिक बोलायला लागले की सुनेत्रा प्रधान त्यांच्या तोंडाकडे न बघता त्यांच्या कानांकडे बघत बसे. या माणसाला देवाने कान कशासाठी दिले असतील, हा प्रश्न तिला दर रविवारी पडे.

कर्णिक मुंबईच्या एका कॉलेजात मराठी शिकवत आणि हवेसाठी बदलापूरला, बेलवलीत राहत. आसपासची जी मंडळी बाहेरून एम.ए.ला बसत, त्यांना ते रविवारी घरी बोलावून शिकवत. फी घेत नाहीत म्हणून गावात त्यांचं मोठं कौतुक होतं. सुनेत्राला वाटे, फी घेतली असती तर निदान 'आता पुरे' म्हणायची सोय राहिली असती.

ती अंबरनाथहून येई. नवरा शरदचंद्र तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात अधिकारी होता. लग्नाआधी ती बी.ए. झाली होती आणि आता सासरच्या माणसांत बसून बसून डोक्याला गंज चढतो आहे असं तिला वाटू लागलं होतं. "कर एम.ए.," शरदचंद्र म्हणाला होता, "माझ्या बहिणींशी वाद घालण्यापेक्षा पुस्तकांशी घाल." त्याला ही थट्टा वाटली होती. तिने ती मनावर घेतली.

वर्गात तिच्याखेरीज दोघंच टिकून होते. एक हरिचंद्र, उल्हासनगरच्या शाळेतला मास्तर. सगळा शेजार सिंधी असल्यामुळे त्याच्या मराठीत हिंदीचे खडे लागत. सरांच्या प्रत्येक वाक्याला तो मान डोलवी, वाक्य संपायच्या आतच. दुसरी कुंदा, बदलापुरातल्याच एका वकिलाची मुलगी. सर 'वेदना' म्हणाले की हिचे डोळे लगेच भरून येत. हिला रडायला कारण लागत नाही, शब्द पुरतो, असं सुनेत्राने घरी शरदचंद्राला सांगितलं होतं.

"साहित्याची पदवी घ्यायची आणि साहित्य निर्माण करायचं नाही, हे पोहायचं पुस्तक पाठ करण्यासारखं आहे," कर्णिक म्हणत. म्हणून अभ्यासक्रमात नसतानाही ते सगळ्यांना कथा लिहायला लावत. ते स्वतः एम.ए.चे परीक्षकही होते, त्यामुळे नाही कोण म्हणणार? त्यांच्या नावावर एक कथासंग्रह होता. तो सुनेत्राने वाचला होता. त्यातल्या प्रत्येक कथेत कोणीतरी खेड्यातलं माणूस मरत होतं आणि मरताना फार सुंदर बोलत होतं.

"अनुभूती!" एके रविवारी कर्णिक गरजले. "घरात बसून कथा होत नाही. मातीत उतरा!"

मातीत उतरायचं ठरलं ते मार्गशीर्षात. बारवी नदीच्या बाजूला डोंगरात एक ठाकरवाडी होती. तिथला धाकलू कर्णिकांकडे लाकडं टाकायला येई, म्हणून त्याच्याकडे जायचं ठरलं. कर्णिकांनी या मोहिमेसाठी कॅनव्हासचे नवे बूट आणि कोसा रेशमाचा सदरा घातला होता. अर्ध्या वाटेत बूट चावायला लागले. तेव्हापासून वाडी येईपर्यंत मातीविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत.

वाडीत भात झोडून झालं होतं. धाकलूने घोंगडी अंथरली, पाणी दिलं. त्याची बायको तानी दिवस भरलेली होती, ती कुडाला टेकून बसली होती. कर्णिकांनी तिला पाहिलं आणि विद्यार्थ्यांकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "बघा, आदिम मातृत्व."

आदिम मातृत्वाला तेवढ्यात कळ आली.

पुढचा गोंधळ कोणाच्या हातात राहिला नाही. धाकलू सुईणीला आणायला खालच्या वाडीकडे पळाला. हरिचंद्र "पानी, पानी" करत उगाच अंगणात फिरला. कर्णिक उठून लांब आंब्याखाली जाऊन बसले आणि कुंदा त्यांच्या मागे गेली. धाकलूची आई येसू दारात आली आणि सुनेत्राला म्हणाली, "तू बाईमानूस ना गं? मंग उभी काय ऱ्हातेस? आत ये."

सुनेत्राला मूल नव्हतं आणि असलं काही तिने कधी पाहिलंही नव्हतं. तिला येसूने तानीच्या पाठीशी बसवलं आणि काखेतून हात घालून धरायला सांगितलं. तानीने तिचा दंड असा आवळला की त्यावर पुढे आठवडाभर काळे-निळे वळ होते. तानी सुंदर काही बोलली नाही. तिने धाकलूला, सासूला, डोंगराला आणि अंगणातल्या पाहुण्यांना अशा शिव्या हासडल्या की सुनेत्राला त्यातल्या निम्म्या कळल्या नाहीत. सुईण येईपर्यंत मुलगा झालाही होता. तो रडला तशी सुनेत्राच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती कुडावर आदळली. येसू आधी नातवाकडे बघून हसली, मग तिच्याकडे बघून जास्त हसली. थोड्या वेळाने सगळ्यांनी गुळाचा कोरा चहा प्यायला. तानीने दोनदा मागून घेतला.

निघताना कर्णिक आंब्याखालून उठले. त्यांनी पुष्कळ टिपून घेतलं होतं.

पुढच्या रविवारी तिघांनी आपापल्या कथा वाचल्या. हरिचंद्राच्या कथेत तानी पोराला जन्म देऊन मेली. कुंदाच्या कथेत तानी आणि पोर दोघंही मेली, शिवाय धाकलूने कड्यावरून उडी घेतली. सुनेत्राच्या कथेत पोर झालं, सगळ्यांनी चहा प्यायला, आणि शहरातली बाई चक्कर येऊन पडली म्हणून सासू हसली.

कर्णिकांनी डोळे मिटून घेतले. "सुनेत्राबाई, यात कथा कुठे आहे?"

"जे झालं ते लिहिलंय सर."

"झालं ते वर्तमानपत्रात लिहितात. तानी मेली पाहिजे."

"पण ती मेली नाही."

"वास्तवात मेली नसेल," कर्णिक समजुतीच्या सुरात म्हणाले. "कलेच्या सत्यात ती मेलेलीच आहे. तुमच्यात मारण्याचं धैर्य नाही, एवढंच."

"तुम्ही आंब्याखाली होतात सर. मी तिला धरून बसले होते."

कुंदाने सुस्कारा सोडला. बाहेर पडल्यावर हरिचंद्र तिला म्हणाला, "बाई, सरांशी झगडा कशाला? मारून टाका ना एकदाची. अपना क्या जाता है?"

सुनेत्राने त्याच्याकडे असं पाहिलं की पुढे बरेच दिवस तो तिच्याशी फक्त नोट्सपुरतं बोलला. पण रविवार तिने सोडले नाहीत. पेपर कर्णिकांच्या हाताखालून जाणार हे तिलाही माहीत होतं. याबद्दल ती स्वतःलाही फार मान देत नसे.

दुसऱ्या वर्षीच्या एका दिवाळी अंकात कर्णिकांची कथा आली, 'विझली तानी'. नाव बदलायचेसुद्धा कष्ट त्यांनी घेतले नव्हते. कथेतली तानी साडेतीन पानं मरत होती आणि शेवटी नवऱ्याला म्हणत होती, 'धनी, माझ्या लेकराला आभाळाचं दूध पाजा.' तानी धाकलूला काय म्हणाली होती ते सुनेत्राच्या कानात अजून होतं. ते छापण्यासारखं नव्हतं, पण खरं होतं. कथेला एका मंडळाचं पारितोषिक मिळालं. बदलापूरकरांनी सरांचा सत्कार ठरवला.

सत्काराच्या आदल्या आठवड्यात सुनेत्राला बदलापूरच्या बाजारात तानी भेटली. करांदे विकायला बसली होती, रानातले उकडून खायचे कंद. पाठीशी पोर बांधलेलं. सुनेत्राला पाहून ती एवढ्या जोरात हसली की बाजूची भाजीवाली वळून बघायला लागली.

"आगं, ही पडली व्हती ती बाय!"

दोघी बोलत बसल्या. पोराचं नाव कान्हा ठेवलं होतं. त्याला दात आले होते आणि ते तो सुनेत्राच्या बोटावर चालवून बघत होता. तिथेच सुनेत्राच्या डोक्यात एक कल्पना आली, आणि आल्यावर तिला इतका आनंद झाला की तिने ती दुसऱ्या बाजूने एकदाही तपासून पाहिली नाही.

"तानी, पुढच्या रविवारी ये ना. धाकलूला पण आण. सरांचा मोठा समारंभ आहे, जेवण आहे."

"आम्ही कनाला? आमचं काय काम तितं?"

"ये गं. माझी पाहुणी म्हणून ये."

तानी आली. धुतलेलं लुगडं, केसांत फूल, कडेवर कान्हा. धाकलूला काम लागलं होतं म्हणून एकटीच आली. सभागृहाच्या पायऱ्यांवर कर्णिक हार घालून उभे होते. सुनेत्रा तानीला घेऊन थेट त्यांच्यासमोर गेली. वर्ष-दीड वर्ष ती या क्षणासाठी जगली आहे असं तिला त्या वेळी वाटलं.

"सर, ओळखलंत?"

कर्णिकांनी तानीकडे पाहिलं. कान्हाच्या गालाला हात लावला. प्रेमळपणे हसले. "वा! कुठली गं तू, बाळ? खरवईची का?" मग उत्तरासाठी न थांबता मागे वळून म्हणाले, "अरे, या बाईला मागच्या बाजूला नेऊन काहीतरी खायला द्या." आणि ते पुढच्या पाहुण्याकडे वळले.

ते खोटं वागत नव्हते. सुनेत्राने त्यांच्या चेहऱ्यावर भीतीची एखादी रेघ शोधली, पण तिथे काहीच नव्हतं. त्यांना तानी खरोखरच आठवत नव्हती. मरणारी तानी त्यांना तोंडपाठ होती, ही कोण ते त्यांना माहीत नव्हतं.

मागच्या ओट्यावर तानीपुढे पत्रावळ आली. जिलेबी, मठ्ठा, भात. तिने एक घास कान्हाच्या तोंडात घातला. आतून कोणा वक्त्याचा आवाज येत होता, "...आणि जेव्हा तानी शेवटचा श्वास घेते..."

तानीचा हात थांबला. "माजं नाव घेतात काय गं?"

तेव्हा सुनेत्राने सांगितलं. सरांनी तुझ्यावर गोष्ट लिहिली, गोष्टीत तुला मारलं, त्याचं त्यांना बक्षीस मिळालं, त्यासाठी हा समारंभ. तानी हसेल, चिडेल, आत जाऊन सरांना चार शिव्या ऐकवेल असं तिला वाटत होतं. खरं तर त्याच्यासाठीच तिने तिला आणलं होतं.

तानीने पत्रावळ बाजूला सारली. मग तिने कान्हाच्या तोंडात बोट घालून जिलेबीचा तुकडा काढून टाकला.

"म्हंजे ह्ये माज्या मयताच्या दिवसाचं जेवान. आन् तू माज्याच पोराला घातलंस."

"तसं नाही तानी, मी तर त्यांना दाखवायला..."

"कोनाला दाखवाया? मी काय जत्रंतलं अस्वल हाय?" ती उठून उभी राहिली. "त्यो बामन..."

"ते बामण नाहीत," सुनेत्रा उगाचच म्हणाली.

"जो कोन असंल त्यो! त्यानं मना मारली ती न बगता मारली. तू तर मना धरली व्हतीस. तुला ठावं व्हतं, आन् तरी आनलीस." ती ओट्याच्या कडेला थुंकली, पोर कडेवर घेतलं आणि मागच्या वाटेने निघून गेली. सुनेत्रा हाका मारत फाटकापर्यंत गेली. तानीने मागे पाहिलं नाही.

ती परत आत आली तेव्हा कुंदा तिला शोधतच होती. विद्यार्थ्यांतर्फे बोलायचं होतं. तिला ढकलतच व्यासपीठावर नेलं. समोर अख्खं बदलापूर स्वच्छ कपड्यांत बसलं होतं. सुनेत्राने काही ठरवलं नव्हतं. तरी ती बोलली.

"तानी मेलेली नाही. ती जिवंत आहे. आत्ता इथे आली होती. आपण तिला मागच्या दारी बसवलं आणि ती न जेवता गेली."

कर्णिकांनीच पहिली टाळी वाजवली. त्यांचे डोळे ओले झाले होते. पाठोपाठ टाळ्यांचा असा कडकडाट झाला की तिचं पुढचं बोलणं कोणाला ऐकू गेलं नाही. "वा, सुनेत्राबाई!" अध्यक्ष म्हणाले. "पात्र अमर असतं हे किती सूचकपणे सांगितलंत!" कुंदा हुंदके देत होती. हरिचंद्र मान डोलवत होता.

तिथे उभ्या उभ्या सुनेत्राला त्या सगळ्यांची इतकी किळस आली की तिला क्षणभर बरंच वाटलं. मग तानीचं थुंकणं आठवलं, आणि त्या किळसेतून स्वतःला बाहेर काढायला तिला जागा सापडेना.

माघात ती एकटीच वाडीवर गेली. येसूने पाणी दिलं, घोंगडी टाकली. "ती नाय यायची भाईर," ती सरळ म्हणाली. आतून कान्हाचा आवाज येत होता, त्याला कोणीतरी गप्प करत होतं. सुनेत्रा उन्हं उतरेपर्यंत बसली आणि उठून आली. रविवारी बेलवलीला जाणं तिने त्यानंतर बंद केलं.

एम.ए. झाली. दुसरा वर्ग मिळाला. कर्णिक लोकांना सांगत, "ती माझीच विद्यार्थिनी. जरा रूक्ष आहे, पण कष्टाळू." दोन वर्षांनी जवळच्या एका नव्या कॉलेजात तिला नोकरी लागली. शरदचंद्राने पेढे वाटले. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी नेमलेला कथासंग्रह तिच्या हातात पडला, तेव्हा अनुक्रमणिकेत पाचव्या ओळीवर 'विझली तानी' होती.

तिने विभागप्रमुखांकडे जाऊन ही कथा दुसऱ्या कोणाला द्या म्हणून विनंती केली. ते म्हणाले, "अहो, तुम्ही तर त्यांच्या हाताखाली शिकलात. तुमच्याइतकं कोण शिकवणार?" नोकरी नवी होती. ती संग्रह घेऊन परत आली.

वर्गात ती कथा वाचू लागली. ठाकरवाडी आली, आंबा आला, कुडाला टेकलेली तानी आली. कळा सुरू झाल्या तिथे तिने पुस्तक मिटलं.

"पुढचं परीक्षेपुरतं घरी वाचा."

पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, ती मरते का हो शेवटी?"

"पुस्तकात मरते," सुनेत्रा म्हणाली आणि हजेरी घ्यायला लागली.