गेरूचा आकडा

पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यांमागे बावीस झोपड्या होत्या. माणसं गुलबर्ग्याकडची, मूर्ती घासायच्या कामावर आलेली. त्यांच्या मुलांना मी सकाळी शिकवत असे.

त्या आठवड्यात पालिकेच्या कारकुनाने, पुंडलिकने, दारोदारी गेरूने आकडे काढले. ज्याच्या दारावर आकडा, त्याला नळ, मुलांना शाळा आणि राहायची परवानगी. आकडा नसलेली झोपडी सोमवारी पाडणार. मी मुलांना गृहपाठ दिला, सगळी दारं आकड्यांसह वहीत उतरवा. एकट्या शांतीने केला.

सोमवारी गेलो तर एकाही दारावर आकडा नव्हता. त्या जागी ओलं प्लास्टर, मूर्तीची चीर बुजवावी तसं सफाईने फासलेलं.

"रंभा, काय केलंस गो हे?"

रंभाचे, शांतीच्या आईचे, हात अजून पांढरे होते. "मागच्या गावात आकडे काढले नि तिसऱ्या दिवशी जेसीबी आला. आकडा नाय, तर घर सापडत नाय, गुरुजी."

"अगो, इथं आकडा नसेल तेच घर पाडणार!"

"तुमच्या दारावर हाय का आकडा?"

"हाय. पालिकेनंच पाटी ठोकलीय. तीस वर्षं झाली."

तिने पांढरे हात पदराला पुसले. तेवढ्यात वळणावर इंजिनाची घरघर ऐकू आली.

"शांती, वही आण!"

शांती वाचत होती, मी कारखान्यातल्या गेरूत चिंधी बुडवून आकडे काढत होतो. शेवटचं दार रंभाचं. ते होतं न होतं तोच पुंडलिक आला. मागे जेसीबी.

त्याने पहिल्या दाराला बोट लावलं. बोट लाल झालं.

"गुरुजी, हे आत्ता काढलंत?"

"व्हय. घाबरून बुजवले होते यांनी. ही वही बघ, तुझ्या यादीशी ताडून घे."

तो एकेक आकडा मोठ्याने वाचू लागला. प्रत्येक आकड्याला बायका श्वास रोखत होत्या. एकवीस जुळले. रंभा मात्र दाराला पाठ लावून घट्ट उभी. मी तिला हाताला धरून बाजूला घेतलं. दारावर नुसता लाल डाग. आकडा तिच्या लुगड्यावर उमटला होता, उलटा.

पुंडलिकने वहीतलं शेवटचं पान पाहिलं, मग तिची पाठ. "बावीस," तो म्हणाला आणि यादीवर खूण केली.

जेसीबी वळून गेला. आवाज थांबला तरी रंभा कान देऊन उभी होती.

"उद्या परत आला तर?"

मी शांतीला कारखान्यातून ऑइलपेंटचा डबा आणायला पाठवलं.