ताबा घेतला

माझ्या मते वन्सं म्हणजे रोज संध्याकाळी घरी येणारी तपासणी होती. नवऱ्याची ही मोठी बहीण साबणाच्या कारखान्यात बॉयलरवर काम करते. दिवसपाळी संपली की स्वतःच्या घरी जायचं सोडून त्या थेट आमच्याकडे यायच्या, कोपरापर्यंत हात धुवायच्या आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणायच्या, "हं, सांग." नवरा ट्रकवर, निम्मा आठवडा बाहेर. त्यामुळे धारेवर धरायला घरात मी एकटीच.

मग मी तान्ह्या पोरीचं सांगायची. दूध प्यायली, झोपली, रडली, पुन्हा झोपली. शेवटी त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा, "शंका काय?"

"काही नाही. सगळं मस्त." असं म्हणून मी चहा टाकायची, म्हणजे विषय संपायचा.

हा प्रश्न बॉयलरवरचा. तिथे पाळी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला प्रेशर सांगतो, पाण्याची पातळी सांगतो आणि मग मनातली शंका सांगतो. आवाज वेगळा वाटला, उगाच कसंतरी वाटलं, काहीही. शंकेला हसायचं नाही आणि ती सांगणाऱ्याला दोष द्यायचा नाही. येणाऱ्याने ती शब्दन् शब्द परत म्हणायची आणि म्हणायचं, "ताबा घेतला." मग जाणाऱ्याने तिथे घुटमळायचं नाही. वन्सं माहेरी कुकरचासुद्धा असाच ताबा घ्यायच्या, असं नवरा हसून सांगतो.

माझी शंका मात्र सांगण्यासारखी नव्हती. एका दुपारी पोरीला कडेवर घेऊन मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली पाहिलं आणि मनात आलं, सोडली तर? हातून पडली तर, असं नव्हे. मीच सोडली तर. आत येऊन दाराला कडी घातली ती घातलीच. तेव्हापासून कपडे खुर्च्यांच्या पाठींवर आणि कपाटाच्या दारांवर वाळत होते, किंवा वाळत नव्हते. घरभर ओलसर वास. पोरीवर माझा जीव होता, आणि तिला उचलण्याआधी मी दर वेळी ती कडी तपासत होते. हे कुणाला सांगणार? ऐकणारा आधी माझ्या हातातून पोर काढून घेईल, आणि बरोबरच करेल, असं मला वाटायचं. म्हणून मिठाची गुळणी धरून बसले होते.

एका संध्याकाळी मी "सगळं मस्त" म्हटलं, तरी वन्सं चहाकडे वळल्या नाहीत. खुर्चीवरचं दुपटं त्यांनी चिमटीत धरून पाहिलं.

"अगं, प्रेशरचा काटा थोडा वरखाली होत असेल ना, तर आम्ही निवांत असतो," त्या म्हणाल्या. "दिवसच्या दिवस एकाच जागी उभा राहिला की आम्ही धावतो. तो अडकलेला असतो."

"मग?"

"तुझं रोज मस्त असतं."

राग माझ्या नाकावरच असतो. "मग काय, रोज रडगाणं गाऊ तुमच्यापुढे?"

"गा की. मला कुठे गाडी पकडायची आहे?" त्या स्टूल ओढून बसल्या. "शंका काय?"

पोर माझ्या मांडीवर होती. तिच्या टोपड्याच्या नाडीकडे बघत मी सगळं सांगून टाकलं. सांगून झाल्यावर तिला घट्ट धरलं, कारण आता वन्सं झडप घालणार याची मला खात्री होती.

वन्सं जागच्या हलल्या नाहीत. प्रेशर सांगावं तशा सुरात म्हणाल्या, "गॅलरीत जायची भीती वाटते. पोरीला आपणच सोडू असं मनात येतं. तसं व्हायला नको आहे. ऐकलं."

तसं व्हायला नको आहे, हे मी म्हटलं नव्हतं. नियम मोडून त्यांनी तेवढं पदरचं घातलं होतं. तेच एक वाक्य ऐकून मी ओक्साबोक्शी रडले.

त्यांनी हात पुढे केले आणि मी देईपर्यंत तसेच धरून ठेवले. "ताबा घेतला. जा आता."

"कुठे जाऊ?"

"पाळी संपलेलं माणूस झोपायला जातं."

त्या तिथेच राहिल्या. सकाळी रजा टाकून माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या. डॉक्टरबाईंनी सगळं विचारलं आणि भुवईसुद्धा न उंचावता ऐकलं. असे विचार पुष्कळ आयांना येतात, म्हणाल्या. आजार आहे, उपचार आहेत, आणि बोललात हे फार चांगलं केलंत. गोळ्या दिल्या, बोलायला एक ताई दिल्या, आणि तूर्त मी एकटी राहायचं नाही असं बजावलं. नवऱ्याने जवळच्या फेऱ्या मागून घेतल्या. "मला लंगोट बांधता येत नाही अशी शंका आहे," ही त्याची पहिली शंका. वन्सं नियमाला पक्क्या, त्यामुळे हसल्या नाहीत. मी हसले, कितीतरी दिवसांनी.

एका रात्रीत काही बरं झालं नाही. मी कधी "आज वाईट" म्हणायची, कधी "दुपारपर्यंत बरं होतं". काटा हलतोय म्हणून वन्सं खूश. त्यांचे उपकार मी जन्मात फेडू शकणार नाही, आणि तसं म्हटलं तर त्या मलाच झापतील.

काल त्या रस्त्यातूनच वर बघत आल्या. दोरी कपड्यांनी भरली होती, आणि पोरीला कडेवर घेऊन मी गॅलरीत उभी होते. जिना चढून आल्या, हात धुतले, पोरीला घेतलं. चहा झाला, भाजी निवडून झाली, आणि निघताना पोरीला माझ्याकडे देत त्या म्हणाल्या, "खेळली. पेज खाल्ली. झोपेला आली आहे."

"शंका काय?" मी विचारलं. आजवर त्यांना हे कुणी या घरात विचारलं नव्हतं.

त्या चपला घालता घालता थांबल्या. एकट्या राहतात त्या, जेवणही एकटीचंच रांधतात. "तू बरी झालीस," त्या हळूच म्हणाल्या. "आता रोज इथे यायला मला काही कारण उरणार नाही, अशी शंका आहे."

मी हसले नाही. शब्दन् शब्द परत म्हटलं, त्यांच्याच सुरात. "ऐकलं," म्हणाले, आणि पोर पुन्हा त्यांच्या हातात दिली.