तृतीय पक्षाला इजा नाही

"पडेल माणूसनं आयकू नको, माय. पडेल माणूस खोटं बोलस."

माझी लेक मनू पहिल्यांदा पलंगावरून पडली, तेव्हा सासूबाई हे म्हणाल्या होत्या. पडलेला माणूस खोटं बोलतो. मनू तेव्हा जेमतेम उभी राहायला शिकली होती, बोलायचा प्रश्नच नव्हता. रडून झाल्यावर ती खुदकन हसली, आणि मी म्हटलं, "बघा आई, काही नाही झालं, हसतेय की." त्यावर त्यांनी हे ऐकवलं. मी एम.एस्सी. आहे, फोनमध्ये बालरोगतज्ज्ञांचे व्हिडिओ भरून ठेवलेत. सासूबाई, म्हणजे लिलाबाई, धुळ्याकडच्या खेड्यात वाढलेल्या. मी 'हो हो' केलं आणि सोडून दिलं. माझं तर पुढे जाऊन असं मत झालं की खरं-खोटं ठरवायला आता म्हाताऱ्यांच्या म्हणी नकोत, यंत्रं आली आहेत.

यंत्र आमच्या गाडीत आलं ते भूषणमुळे. भूषण, माझा नवरा, सहकारी बँकेत आहे आणि मिक्सर घेतला तरी आधी त्याचं माहितीपत्रक वाचतो. नवी गाडी घेताना विमा कंपनीने एक डबी दिली. पुढे कॅमेरा, आत कॅमेरा, माईक, आणि तिचं स्वतःचं फाइव्ह-जी सिमकार्ड. गाडीला धक्का बसला की सगळं तिथल्या तिथे पुण्याच्या ऑफिसात पोचणार. वेग, ब्रेक, गाडी किती कलली, कोण काय बोललं, सगळं. तपास जागेवर, क्लेम जागेवर.

"आता सर्व्हेअरची वाट बघत बसायला नको," भूषण म्हणाला.

त्याचं बरोबर होतं. जुन्या गाडीला पिंप्राळ्यात एका रिक्षाने घासलं होतं, तेव्हा सर्व्हेअर यायच्या आत गॅरेजात गाडीखाली मांजर व्याली आणि पिल्लं हिंडायला लागली. शेवटी ते सर्व्हेअर, नाना, आले. आधी आमच्याकडे चहा, मग गॅरेजवाल्याकडे चहा, मग रिक्षावाल्याच्या घरी जाऊन चहा. परत येऊन म्हणाले, "पाय सुजलाय हो त्याचा. जाऊन या एकदा." भूषण चिडला होता, की हा माणूस विमा कंपनीचा आहे की सोयरीक जुळवणारा. तरी आम्ही गेलो होतो.

डबी चहा पीत नव्हती.

आणि नेटवर्क तर असं, की आमच्या घरात बोलायला मला गॅलरीत टांगून घ्यावं लागतं, पण हायवेवर ज्वारीच्या शेतात उभं राहिलं तरी फोनवर सगळ्या दांड्या. माणसं राहतात तिथे रेंज नाही. माणसं आपटतात तिथे भरपूर.

श्रावणात कानबाईचं, म्हणजे आमच्या खानदेशी देवीचं, विसर्जन करून आम्ही धुळ्याहून जळगावला परतत होतो. भूषण चालवत होता, सासूबाई पुढे, मी आणि मनू मागे. मुकटी गेलं, पारोळा यायचं होतं. मी नेहमीप्रमाणे मागे बसून गाडी चालवत होते, म्हणजे माझे दोन्ही पाय नसलेल्या ब्रेकवर होते. आमच्याकडे दुभाजक ओलांडायचा तर पुढच्या फटीपर्यंत जावं लागतं, आणि तेवढ्यासाठी कोणी जात नाही. सगळे कडेकडेने उलटे येतात. तसाच एक म्हातारा मोटारसायकलवर उलटा आला. डोक्यावर पांढरी टोपी, मागे केळीच्या पानांचा भारा. भूषण आरशात बघत होता.

"भूषण!" मी ओरडले.

ब्रेक लागला. बंपर मोटारसायकलला लागलाच, पण हळू. गाडी आडवी, पानं रस्त्यावर आणि म्हातारा पानांवर. त्याची टोपी आमच्या बॉनेटवर.

सगळ्यात आधी डबी बोलली. बाईचा आवाज, पाठ्यपुस्तकातली मराठी. "आघात आढळला आहे. आपण सुरक्षित आहात का?"

सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नाव घेतं व्हतं तू त्यानं." आघातापेक्षा सुनेने सगळ्यांदेखत नवऱ्याला नावाने हाक मारली, हे त्यांना आधी आढळलं होतं.

मी मनूच्या हातापायाला हात लावून मोजल्यासारखं पाहिलं आणि खाली उतरले. तोवर समोरच्या ढाब्यावरचे लोक धावत आले. म्हाताऱ्याला उठवून बाजेवर बसवलं. कोणी पानं गोळा केली, कोणी मोटारसायकल उभी केली. भूषणच्या फोनवर आपोआप व्हिडिओ कॉल उघडला होता. पलीकडे गळ्यात ओळखपत्र घातलेली एक तरतरीत मुलगी. "नमस्कार सर, मी दिपमाला, क्लेम विभागातून. घाबरू नका, मला सगळं दिसतंय."

खरंच दिसत होतं. तिने भूषणला गाडीभोवती फिरवलं. "थोडं डावीकडे सर. हेडलाइट. छान. आता समोरच्या व्यक्तीकडे चला."

आता इथे डबी बनवणाऱ्यांचं चुकलं. ती त्यांनी कुठे बनवली ते माहीत नाही, पण खानदेशात नक्कीच नाही. आमच्याकडे अपघात झाला, की चूक कोणाची का असेना, दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी आधी हात जोडायचे. मोठ्या गाडीवाल्याने जरा जास्त जोडायचे. मग चहा. चूक कोणाची ते चहानंतर. सासूबाई फोनसमोर जाऊन म्हाताऱ्यापुढे हात जोडून उभ्या राहिल्या.

"चुकनं भाऊ आमनं. माफ कर."

"नई वो अक्का," म्हातारा उठून उभा राहायला लागला. "चूक मनीच शे. मीच उलटा यी ऱ्हायंतू."

"आमनी गाडी मोठी शे भाऊ. आम्ही दखाले पाहिजे व्हतं."

"तुम्ही कितलं दखशात? मीच आंधळा."

"सर," दिपमाला म्हणाली, "दोन्ही बाजूंकडून कबुली येतेय. सिस्टीम घेत नाहीये. कोणी तरी एकाने कबूल करायचं थांबवा, प्लीज."

"आई, तू गाडीत बस," भूषण म्हणाला.

"मी काय करं? बोलू बी नको का?"

शेवटी भूषणने आईला दंडाला धरून बाजूला नेलं आणि फोन म्हाताऱ्यासमोर धरला. म्हाताऱ्याने घाईने टोपी नीट केली. समोर ऑफिसातली बाई, तीही पुण्याची, तीही त्याची विचारपूस करणारी. फोटो काढताना बसतात तसा तो ताठ बसला.

"बाबा, आपल्याला काही इजा झाली आहे का?"

"नई नई मॅडम. काईच नई. बठ्ठं बेस शे."

"डोक्याला मार? चक्कर? उलटी?"

"काईच नई. तुम्ही जेवनात का?"

दिपमाला हसली. तिथल्या तिथे भूषणच्या फोनवर मेसेज आला: दायित्व निश्चित. तृतीय पक्ष: इजा नाही. क्लेम मंजूर.

ढाब्यावरचा चहा अजून उकळत होता. भूषणने मेसेज सगळ्यांना दाखवला. एकाने तर स्वतःच्या पिकअपकडे बोट दाखवून म्हटलं, "भाऊ, जाता जाता हिलेबी एक ठोकी द्या ना." सगळे हसले. मीही हसले, कारण मनू धडधाकट होती आणि आई म्हणून माझं जग तेवढ्यावर संपतं.

मग चहा आला. म्हाताऱ्याने मनूला जवळ घेतलं. "मी हिलाल आजा. तुनं नाव काय शे वो माय?"

"मनस्वी," मी सांगितलं.

"भारी नाव शे! मनी पोरनी पोरनं बारसं शे. पानं लई जाई ऱ्हायनू. नाव काही सापडी नई ऱ्हायनं कोनले."

त्याने बशीत चहा ओतला. फुंकर मारली. प्यायला नाही, खाली ठेवला. मनूच्या गालाला हात लावला. "तुनं नाव काय शे वो माय?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"मनस्वी," मी पुन्हा सांगितलं.

"भारी नाव शे!" अगदी तसंच, तितक्याच आनंदाने. जणू पहिल्यांदाच ऐकतोय.

"आबा, आपण पारोळ्याला दवाखान्यात जाऊन येऊ," मी म्हटलं. "रस्त्यातच आहे."

"दवाखाना? कसाले? बारसं शे मनाकडे." तो उठला, बांधलेल्या भाऱ्याला परत एक दोरी आवळली, गाडीला किक मारली.

"अहो, थांबवा त्यांना. दोनदा नाव विचारलं त्यांनी."

"म्हातारी माणसं विचारतात," भूषण म्हणाला. "आणि त्यांनी स्वतः सांगितलंय, कॅमेऱ्यासमोर. आता मी जबरदस्तीने उचलून नेलं, तर तेही रेकॉर्ड होईल."

हिलाल आजा निघाला. आमच्याच पुढे, आमच्याच दिशेने, डाव्या कडेने, अगदी नियमाप्रमाणे.

"बघ," भूषण खूष होऊन म्हणाला, "एका ठोकरीत शिकला. आता कसा बरोबर बाजूने चाललाय!"

थोडं पुढे तो एका कच्च्या रस्त्याला वळला आणि बाभळींमागे दिसेनासा झाला. मला कळायला पारोळा यावं लागलं. तो उलटा येत होता, म्हणजे धुळ्याच्या बाजूला निघाला होता. बारसं तिकडे होतं. आणि तो गेला परत जिकडून आला होता तिकडेच, पानांसकट.

आम्ही गाडी वळवली. त्या कच्च्या रस्त्याला पुढे तीन फाटे फुटत होते आणि तिन्हींवर मोटारसायकलची चाकोरी होती.

घरी येईपर्यंत ॲपमध्ये अहवाल आला होता. भूषणला 'सजग चालक' असा बिल्ला. माझ्याबद्दलही एक ओळ होती: 'मागील आसनावरील मोठ्या आवाजामुळे चालकाचे लक्ष विचलित.' मी ओरडले म्हणून ब्रेक लागला, ही गोष्ट डबीच्या हिशेबात नव्हती. आणि शेवटी: 'तृतीय पक्ष स्वतः वाहन चालवत रवाना.' म्हणजे बराच आहे.

मी दुसऱ्या दिवशी गॅलरीत टांगून कंपनीला फोन लावला. दिपमालाच मिळाली.

"मॅडम, तुमचा क्लेम तर झालाय ना?"

"झालाय. मला त्या आजोबांचा पत्ता हवाय. तुमच्याकडे त्यांच्या गाडीचा नंबर असेल."

"आहे, पण तृतीय पक्षाची माहिती गोपनीय असते."

"मग तुम्ही फोन करून विचारा त्यांना कसं वाटतंय. त्यांनी मुलीचं नाव दोनदा विचारलं."

"त्यांनी इजा नाही असं सांगितलंय, मॅडम. व्हिडिओ आहे."

"पडलेला माणूस तसंच सांगतो हो!" हे माझ्या तोंडून निघालं, आणि मागे स्वयंपाकघरात सासूबाईंचं लाटणं थांबल्याचं मला ऐकू आलं.

दिपमाला हळू आवाजात म्हणाली, "माझे आजोबा पण असेच आहेत. पण हा कॉल रेकॉर्ड होतोय. केस बंद झाली की मला ती उघडता येत नाही. तुमचा व्हिडिओ तुम्हाला ॲपवर बघता येईल."

तो पाहिला. इतका स्वच्छ, की पानांवरची नक्षी दिसते, ढाब्यावरच्या फळीवर भाव वाचता येतात. फक्त हिलाल आजाचा चेहरा आणि गाडीचा नंबर धुकट केलेला. त्याच्या सुरक्षेसाठी.

पोलीस चौकीत भूषण गेला. तक्रार कोणाविरुद्ध आहे, असं त्यांनी विचारलं. कोणाविरुद्धच नाही म्हटल्यावर त्यांनी त्याला पाणी दिलं आणि समजूत घातली.

मग सासूबाईंनी फोन हातात घेतला. साधा, बटणांचा. मुकटीची मावशी, तिची नणंद, नणंदेचा व्याही, असं करत करत त्यांनी बराच मुलूख पालथा घातला. त्यांना तीन हिलाल सापडले. एक सुरतेला गेलेला, एक शाळेत जाणारा, एक मागेच वारलेला. हे नेटवर्क हळू आहे, पण माणूस जिवंत आहे का एवढं तरी आधी विचारतं. ढाब्यावर आम्ही दोनदा जाऊन आलो. ढाबेवाला म्हणतो, रोज इथून उलटा जायचा तो, हल्ली दिसत नाही. बरोबर बाजूने जायला लागला असेल, असं भूषण म्हणतो. पण आता तोही गाडी चालवताना कच्च्या रस्त्यांकडे बघत असतो, आणि त्याबद्दल ॲप त्याचे गुण कापतं.

म्हणून हे लिहून छापायला दिलं. तुम्ही मुकटी-पारोळ्याच्या आसपासचे असाल, किंवा तुमची मावशी, नणंद, व्याही तिकडे असतील, तर एवढं करा. पांढरी टोपी, जुनी मोटारसायकल, नाव हिलाल, पोरीकडे श्रावणात बारसं होतं. सापडला तर त्याला 'बरं आहे का' असं विचारू नका. तो टोपी नीट करून 'बठ्ठं बेस शे' म्हणेल आणि तुम्ही जेवलात का ते विचारेल. घरच्यांना विचारा. आणि नातीचं नाव काय ठेवलं ते विचारा.

मनस्वी ठेवलं असेल, तर मला कळवा, मी तिला बाळंतविडा घेऊन येईन. दुसरं काही ठेवलं असेल, तर आधी त्याला दवाखान्यात न्या. मग कळवा.