वाफेचं पाणी

विमलचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. सोनईहून आलेली तिच्या माहेरची माणसं परत गेली होती. घरात बसून करण्यासारखं काही नव्हतं.

भिंगारमधल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. औषधांच्या खिडकीमागं एक लहान खोली होती. तिथं आम्ही सलाईन तयार करायचो. विकतच्या बाटल्या महाग पडायच्या आणि हव्या तेव्हा मिळायच्या नाहीत. म्हणून पाणी उकळायचं, त्याची वाफ थंड करायची, थेंब थेंब पाणी काचेच्या बरणीत साठवायचं. त्यात मीठ तोलून घालायचं, गाळायचं, बाटल्यांत भरायचं, रबरी बूच लावायचं आणि सगळ्या बाटल्या कुकरसारख्या मोठ्या ऑटोक्लेव्हमध्ये वाफेवर शिजवायच्या. आत जाताना हात कोपरापर्यंत धुवायचे, तोंडाला फडकं बांधायचं. बाहेरच्या माणसाला आत येऊ द्यायचं नाही.

विमल त्या खोलीला माझं सोवळं म्हणायची. क्वार्टर मागंच होती, दुपारी ती डबा घेऊन यायची आणि दाराबाहेर उभी राहून विचारायची, "आत आले तर बाटंल का हो तुमचं सलाईन?" मी नुसता हात करायचो. मग ती बायडाबाईशी बोलत बसायची.

बायडाबाई बाटल्या धुवायची. माझ्याआधी येऊन स्टोव्ह पेटवायची, संध्याकाळी सगळं आवरून जायची. तिची वस्ती गावाबाहेर होती आणि त्या दुष्काळाच्या वर्षी टँकर तिच्या वस्तीवर सगळ्यांच्या शेवटी जायचा. कधी कधी तोवर रिकामा झालेला असायचा. तिची सून दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तिथं खायला मिळालेली सुकडी नातीला आणायची. विमलचं आणि बायडाबाईचं चांगलं जमायचं. दोघी पायरीवर एकाच डब्यातलं खायच्या.

चैत्रात जुलाब-उलट्यांची साथ आली. विमल माहेरी जाऊन आली ती आजारीच आली. मला दिवसभर काही बोलली नाही. उभं राहता येईना तेव्हा सांगितलं. दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी सलाईन लावलं. मीच तयार केलेली बाटली होती. अर्धी गेली असेल, तिला हुडहुडी भरली. बाहेर अंग भाजणारं ऊन होतं आणि तिचे दात वाजत होते. मी घोंगडी टाकली, वर दुसरी टाकली, तरी खाट हलत होती. डॉक्टरांनी ती बाटली काढून दुसरी लावली. पण ताप चढला तो उतरला नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टर म्हणाले, लघवी बंद पडली होती, आणायला उशीर झाला.

मी कामावर आलो त्या दिवशी डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. माझी चौकशी केली. मग म्हणाले की आज हे तुम्हाला सांगायला नको होतं, पण सांगतो. तुम्ही नव्हता तेव्हा वॉर्डात आणखी काही जणांना सलाईन लावल्यावर हुडहुडी भरली. कोणी दगावलं नाही. पण बाटल्या तुम्ही आधी करून ठेवलेल्या साठ्यातल्या आहेत. एकदा बघा.

मी रबरी नळ्या पाहिल्या, बुचं पाहिली. बाटल्या एकेक उजेडासमोर धरल्या. सगळ्या स्वच्छ होत्या. तसा स्वच्छपणाचा काही उपयोग नसतो. जे हुडहुडी आणतं ते डोळ्यांना दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर गेलो. बायडाबाई नुकती आलेली होती, स्टोव्हला पंप मारत होती. स्टोव्ह अजून पेटला नव्हता आणि बरणी अर्धी भरलेली होती. वर पांढरं, धुतलेलं फडकं बांधलं होतं.

उरलेलं पाणी त्याच संध्याकाळी ओतून टाकायचं असा आमचा नियम होता. वाफेचं पाणी रात्रभर तसंच राहिलं की त्यात जंतू धरतात. नंतर ऑटोक्लेव्हमध्ये ते मरतात, पण त्यांचं विष मरत नाही. ते शिरेत गेलं की माणसाला हुडहुडी भरते. मला हे शिकवलेलं होतं. बायडाबाईला मी एवढंच सांगितलं होतं की उरलेलं ओतून टाकत जा. का, ते सांगितलं नव्हतं. होळीपासून बरणी लवकर भरायला लागली होती. नळाची धार करंगळीएवढी झाली तरी आपलं काम अडत नाही, याचं मला बरंच वाटत होतं.

हे कालचं पाणी का, असं मी विचारलं.

"व्हय भाऊ," ती म्हणाली. "पयलं वतायची मी. मग एक दिवस वयनींनी बघितलं. म्हनल्या, बायडाबाई, आगं लोकं हंडाभर गढूळ पान्यासाठी भांडत्यात आन तू असलं निवळ पानी मोरीत वततीस? देवाच्या आंघुळीला चाललं असं पानी हाय. तवापासून झाकून ठिवते. फडकं रोज उकळून घेते बरं का, तसं बांधत न्हाई."

ती हे आनंदानं सांगत होती. विमलची आठवण निघाली म्हणून तिचे डोळे भरले होते, ते तिनं दंडाला पुसले.

मी बरणीकडं बघत राहिलो. रागावायचं म्हटलं तर कुणावर? एक समोर होती, एक गेली होती. दोघींनी पाणी वाया जाऊ दिलं नव्हतं, एवढंच. आणि त्या पाण्यानंच विमल गेली असंही कोणी सांगू शकत नव्हतं. उशीर झाला होता हेही खरं होतं.

मी डॉक्टरांकडं गेलो. बरणीत शिळं पाणी राहिलं, लक्ष ठेवायचं काम माझं होतं, एवढं सांगितलं. बायडाबाईचं नाव घेतलं नाही, विमलचंही नाही. डॉक्टरांनी साठ्यात किती बाटल्या आहेत ते विचारलं. मग म्हणाले, सगळा साठा ओतून टाका आणि नव्यानं करा.

आम्ही दोघं मोरीपाशी बसलो. मी बुचं काढत होतो आणि ती बाटल्या ओतत होती. तिला ते बघवत नव्हतं. खारं पाणी, ना झाडाला चालणार ना जनावराला. मी सांगितलं की बुचं खराब निघाली. तिला ते पटलं असावं. निम्म्या बाटल्या झाल्यावर तिचा हात थांबला.

"भाऊ, वयनीला लावली ती ह्यातलीच हुती का?"

मी बूच ओढत होतो. ते घट्ट बसलं होतं. हो म्हटलं असतं तर ते खरं बोलणं झालं असतं. मग खराब बुचं नव्हेत, झाकून ठेवलेलं पाणीच, असा मेळ तिनं आज नाही तर उद्या लावला असता. नात मांडीवर घेऊन बसली असताना लावला असता. आणि कुणाच्या सांगण्यावरून पाणी ठेवलं, तेही तिला आठवलं असतं.

"न्हाई," मी म्हणालो. "ती येगळी हुती. विकतची."

"मग बरं," ती म्हणाली आणि बाटली उपडी केली.

थोड्या वेळानं मी तिला म्हणालो की उद्यापासून बरणीत थेंबभर पाणी ठेवायचं नाही. उरलेलं सगळं कळशीत भरून घरी न्यायचं. प्यायला ते चांगलं असतं. तिनं माझ्याकडं नीट बघितलं. दवाखान्याचं पाणी नेलं तर साहेब बोलतील, म्हणाली. साहेबांना मी सांगतो, म्हणालो. हे मला आधी सुचायला हवं होतं. तिला पाणी ओतायला सांगायच्या ऐवजी न्यायला सांगितलं असतं तर बरणी रोज कोरडी राहिली असती. सोपी गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी नव्या पाण्याचं सलाईन झालं. संध्याकाळी बायडाबाई कळशी कमरेवर घेऊन गेली. मी बरणी उपडी घातली आणि मागनं निघालो.

क्वार्टरला मी कुलूप लावत नसे, नुसती कडी असायची. आत आलो तर माठाभोवतीची फरशी ओली होती. विमलच्या माहेरची माणसं गेल्यापासून माठ कोरडाच होता. मी दवाखान्यातच पाणी पिऊन यायचो. झाकण काढलं. माठात पाणी होतं. कळशीतलं निम्मं असावं. झाकणावर विमलचा पितळी पेला घासून पालथा घातलेला होता.

शेजारच्या गोजरबाई दारातून म्हणाल्या, "ती तुमची बाटल्या धुनारी आल्ती. म्हनली, वयनी असत्या तर भावाचा माठ भरलेला असता. माझ्या नातीपुरतं हाय माझ्याकडं."

मी बरं म्हणालो. त्या गेल्यावर पेला भरून घेतला आणि विमल बसायची तिथं, चुलीच्या बाजूला बसलो. वाफेच्या पाण्याला चव नसते. मला ते माहीत होतं, पण इतकी वर्षं ते केलं तरी कधी पोटभर प्यालो नव्हतो. सगळा पेला प्यालो. मग आणखी एक घेतला.